डिस्चार्ज कार्डावर नाव नाही

"नाव कशाला, सिस्टर म्हटलं की झालं." आज बाबांना घरी आणताना रात्रपाळीच्या सिस्टरना नाव विचारलं, तर हसून एवढंच म्हणाल्या.

परवा रात्री मला वाटत होतं बाबा शांत झोपलेत, पण ह्या सिस्टरनी घड्याळात बघत पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजली आणि "श्वास २८ झालाय, मघाशी १८ होता" म्हणत लगेच डॉक्टरांना फोन लावला. अर्धा मिनिट मोजून दुप्पट का नाही केलं विचारलं, तर म्हणे श्वास एकसारखा नसला की तो हिशोब चुकतो. हे शिक्षण आहे राव, आणि आपण 'सेवाभाव' म्हणून मोकळे होतो.

कार्डावर डॉक्टरांचं नाव तीनदा, ह्यांचं एकदाही नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी लंडनला नर्सिंगची शाळा काढली १८६० मध्ये, नर्सेसची आंतरराष्ट्रीय परिषद १८९९ पासूनची. १२ मे ला, म्हणजे नर्सेस डेला, आपण शुभेच्छा टाकतो (मीही टाकल्यात, कबूल), पण वॉर्डात माणसं किती हवीत, पाळ्या कशा लावायच्या हे ठरतं त्या मीटिंगमध्ये नर्सला खुर्ची असते का हो?

तुम्हाला आठवतंय का एखाद्या सिस्टरचं नाव?