नाण्याची मागची बाजू

मी एका संग्रहालयाच्या नाणे विभागात काम करतो. नाणी तोलणे, त्यांवरील लेख वाचणे आणि ते नोंदवहीत उतरवणे हा माझा रोजचा उद्योग असल्यामुळे माझ्याकडे येणारी माणसे बहुधा अभ्यासक नाहीतर संग्राहक असतात. त्या दिवशी मात्र वेळ ठरवून आले ते एका प्रॉटेस्टंट मंडळीचे पाळक. त्यांना एकच नाणे पाहायचे होते, ते म्हणजे रोमन सम्राट तिबेरिअसचा दिनारिअस, त्या काळचे चांदीचे नाणे.

कैसराला, म्हणजे रोमन सम्राटाला, कर द्यावा की नाही, असे विचारून येशूला पेचात धरले गेले, तेव्हा कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला द्या, असे सांगताना त्याने मागवून घेतलेले नाणे ह्याच प्रकारचे असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. नेमके हेच होते, असे छातीठोकपणे कोणालाच सांगता येत नाही, आणि तेवढे मी पाळकसाहेबांना आधीच सांगून टाकले. नाणे लहान आहे. वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास, आणि लेखाच्या खाचांतून चांदी काळवंडलेली. मी ते तबकात ठेवले, भिंग हाती दिले आणि कडेनेच धरण्याची विनंती केली.

दर्शनी बाजूवर सम्राटाचे मस्तक असून, तिबेरिअस हा दैवी ऑगस्टसचा पुत्र असल्याचे त्याभोवतीच्या लॅटिन लेखात म्हटले आहे. "तीस वर्षे मी ह्यावर प्रवचन करतो आहे," पाळकसाहेब म्हणाले. "नाण्यावर प्रतिमा कैसराची म्हणून ते कैसराचे, माणूस देवाच्या प्रतिमेचा म्हणून तो देवाचा." मग त्यांनी नाणे उलटले. आसनावर बसलेल्या स्त्रीच्या दोन्ही बाजूंना आणखी काही अक्षरे होती, ती कसली, असे त्यांनी विचारले.

"पोंटिफ मॅक्सिम," मी वाचून दाखवले. "पोंटिफेक्स मॅक्सिमस, म्हणजे रोमचा प्रमुख पुरोहित. इ.स.पू. 12 मध्ये ऑगस्टसने ते पद घेतले आणि पुढे ते सम्राटांकडेच राहिले."

त्यांनी भिंग खाली ठेवले. थोड्या वेळाने खिशातून एक घडी केलेले पत्र निघाले. स्थानिक प्रशासनाने कर वेळेत भरण्याविषयीची सूचना धाडली होती आणि ती रविवारच्या उपासनेत पुलपिटावरून, म्हणजे चर्चमधल्या प्रवचनपीठावरून, वाचावी, असे खाली मोहोर उठवून कळवले होते. "मजकुराला माझी काहीच हरकत नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल तरी दुसरे काय सांगतो? पण पुलपिटावर काय वाचायचे, हे कैसराने ठरवायचे का? वाटणी स्पष्ट आहे, असे मी समजत होतो. इथे तर कैसर दोन्ही बाजूंवर बसला आहे."

मला राहवले नाही. शेजारच्या कप्प्यातून मी नववा पायस ह्या पोपचा चांदीचा स्कुदो काढला. पोपचे राज्य 1870 मध्ये संपले, त्याच्या आधीचे हे नाणे. त्यावर चेहरा पोपचा आणि पदवी तीच, 'पोंट. मॅक्स.' रोमन सम्राटांनी टाकून दिलेली पदवी पुढे पोपांनी उचलली आणि राज्यही केले. पाळकसाहेब किंचित हसले. ते हसू प्रॉटेस्टंट होते, असे वाटल्यामुळे मी ब्रिटिश राजाचे एक नाणेही त्याशेजारी ठेवले. त्यावरील 'फिड. डेफ.' म्हणजे श्रद्धेचा रक्षक. ही पदवी आठव्या हेन्रीला 1521 मध्ये पोपने दिली, आणि 1534 मध्ये पोपला झुगारून स्वतः इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाल्यावरही हेन्रीने ती सोडली नाही. पाळकसाहेबांचे हसू मावळले. खरे तर मी जरा जास्तच केले. प्रश्न घेऊन आलेल्या माणसापुढे मी माझे कप्पे उघडत बसलो होतो.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. सूचना त्यांनी वाचली होती. परंतु आशीर्वाद देऊन झाल्यावर, झगा उतरवून, बाहेर पायऱ्यांवर उभे राहून, जे थांबले त्यांच्यासाठी. मला ही पळवाट वाटली आणि तसे मी बोललोही. त्यावर ते म्हणाले, "पळवाट असेल. पण पुलपिट माझे नाही, मग ते मी कोणाला कसे देऊ?" निम्मी माणसे न थांबता घरी गेली होती, आणि प्रशासनाला काय कळवायचे, हे त्यांचे अजून ठरले नव्हते.