कॅप्चर कार्डाचे झटके: फ्रेम नेमकी कुठे पडते? (नोंद, मे महिना)

सेटअप: पीएस ४, स्वस्तातलं यूएसबी कॅप्चर कार्ड (कन्सोलचं एचडीएमआय चित्र लॅपटॉपला देणारं), विंडोज लॅपटॉप, ओबीएस (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर). तक्रार नेहमीचीच. टीव्हीवर गेम लोण्यासारखा चालतो, पण रेकॉर्डिंग लावलं की कॅमेरा फिरवताना चित्र झटके देतं. एचडीसीपीचा (एचडीएमआयवरच्या कॉपी-संरक्षणाचा) इथे संबंध नाही. ते चालू राहिलं तर चित्र अडखळत नाही, येतच नाही. पीएस ४ च्या सेटिंग्जमध्ये सिस्टीमखाली ते बंद करायचं आणि पुढे जायचं.

नवीन केबल, नवीन कार्ड असलं काही घेण्याआधी ओबीएसच्या ‘व्ह्यू’ मेनूतून ‘स्टॅट्स’ उघडा. रेंडरिंग लॅगमुळे हुकलेल्या फ्रेम वाढत असतील तर ग्राफिक्सवर ताण आहे. एन्कोडिंग लॅगमुळे गाळलेल्या वाढत असतील तर एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून फाइल बनवणारा भाग, मागे पडतोय. नेटवर्कची ओळ फक्त लाइव्ह करणाऱ्यांसाठी. आणि दोन्ही आकडे शून्य असूनही झटके दिसत असतील, तर फ्रेम ओबीएसपर्यंत आलेलीच नाही. तिथे एन्कोडरची सेटिंग्ज कितीही कुटली तरी उपयोग नाही. स्वस्त कार्डांचं दुखणं बहुतेक वेळा याच तिसऱ्या जातीचं असतं.

खात्रीसाठी अर्ध्या मिनिटाची क्लिप घ्या, गेममधला कॅमेरा एकाच वेगाने फिरवत ठेवून. ती व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा, थांबवा आणि ‘ई’ बटण दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. पाच फ्रेम नव्या आणि सहावी जुनीच, असा ठेका दिसला तर कार्ड सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम देतंय आणि ओबीएस ३० किंवा ६० वर आहे. प्रत्येक फ्रेम दोनदा आली तर कार्ड (किंवा गेमच) ३०, ओबीएस ६०. ठेकाच नसेल, कुठेही गचका बसत असेल, तर यूएसबी किंवा उष्णता.

आता कार्डाच्या पोटात. या स्वस्त कार्डांत बहुधा एमएस २१०९ ही चिप असते. प्लग यूएसबी ३ सारखा आतून निळा असला तरी चिप यूएसबी २.० चीच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघा, व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) ५३४डी आणि पीआयडी (उत्पादनाचा क्रमांक) २१०९ दिसलं की ओळख पटली. लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ला ‘-टी’ जोडलं की कार्डाच्या ओळीत ४८०एम (यूएसबी २.० चा वेग) दिसतं, खऱ्या यूएसबी ३ कार्डाला ५०००एम. जळगावात गोलाणी मार्केटला कार्ड घ्यायला गेलात तर लॅपटॉप सोबत न्या आणि दुकानातच हे तपासा. खोक्यावरच्या ‘४के’वर जाऊ नका.

ही चिप का अडते, ते हिशेबातच दिसतं. १०८० ची एक फ्रेम वाययूवाय२ या न दाबलेल्या स्वरूपात १९२० × १०८० × २ म्हणजे सुमारे ४१.५ लाख बाइट. यूएसबी २.० च्या आयसोक्रोनस (सलग चित्र-आवाजासाठी राखीव) वाटेने सेकंदाला जास्तीत जास्त २.४६ कोटी बाइट जातात. पाच फ्रेमना २.०७ कोटी लागतात, त्या मावतात. सहा फ्रेमना २.४९ कोटी, म्हणजे बाहेर. म्हणून ओबीएसने आपोआप वाययूवाय२ उचललं की १०८० ला पाचच फ्रेम मिळतात, आणि आपण लॅपटॉपला शिव्या देतो. उपाय: सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रिझोल्यूशन/एफपीएस टाइप’ कस्टम करा, व्हिडिओ फॉरमॅट एमजेपीईजी (दाबलेल्या फ्रेमचा) निवडा, मग १०८० ला ३० किंवा ७२० ला ६०. फायटिंग, रेसिंगसाठी ७२० चे ६० च बरे. ओबीएसच्या व्हिडिओ सेटिंगमध्येही तोच आकडा ठेवा.

खऱ्या यूएसबी ३ कार्डाला १०८०/६० साठी सेकंदाला सुमारे २४९ एमबी लागतात. पोर्टची कागदावरची मर्यादा ५००, प्रत्यक्षात त्याहून कमी. त्याच हबवर बाहेरची हार्ड डिस्क लावून तिच्यावरच रेकॉर्ड केलं तर झटके येणारच. कार्ड थेट लॅपटॉपला, डिस्क दुसऱ्या पोर्टला. ओबीएसचा एफपीएस ५९.९४ ठेवा. कन्सोल तोच देतो, आणि ६० ठेवल्यास दर सतरा सेकंदांनी एक फ्रेम दुबार पडते. बारीक गोष्ट आहे, पण संथ पॅनमध्ये डोळ्यांत खुपते.

उष्णता. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळं सुरळीत, मग एन्कोडिंग लॅग चढायला लागतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूचा वेग बेस स्पीडच्या खाली उतरलेला दिसला की समजा लॅपटॉप तापून हळू झालाय. गादीवरून उचला, मागची बाजू दोन बोटं उंच करा, प्रोसेसरवर चालणारा एक्स२६४ एन्कोडर सोडून ग्राफिक्सवर चालणारा एनव्हेंक किंवा क्विक सिंक निवडा. कूलरच्या ओल्या झोतात मात्र ठेवू नका, आणि कूलर त्याच बोर्डवर लावू नका. मोटर चालू-बंद होताना एचडीएमआयचं चित्र क्षणभर काळं पडू शकतं.

लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की वेग पडतो, मग पुन्हा तेच झटके. रेकॉर्डिंग एमकेव्हीत ठेवा: मधेच सगळं बंद पडलं तरी तिथवरची फाइल उघडते. साधी एमपी४ अर्धवट राहिली की बहुधा गेलीच. नंतर ओबीएसमधूनच ‘रीमक्स’ करून एमपी४ करता येते.

चित्राचं जमलं. आवाज बाकी आहे: एमएस २१०९ ची पुष्कळ कार्डं ४८ किलोहर्ट्झ स्टीरिओला ९६ किलोहर्ट्झ मोनो म्हणून सांगतात, त्यामुळे डावं-उजवं एकात मिसळतं. असं असेल तर आवाज कंट्रोलरच्या हेडफोन जॅकमधून लॅपटॉपच्या लाइन-इनला, आणि चित्राशी मेळ बसवायला ओबीएसमध्ये ‘सिंक ऑफसेट’ (आवाज पुढे-मागे सरकवायची सोय).