बाईंची खापरी

स्मरणिका समितीचं पत्र आलं: शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त आपल्या कारकिर्दीविषयी दोन पानं लिहून द्यावीत. माझी कारकीर्द म्हणाल तर १९७० ला मॅट्रिक, मग डिप्लोमा आणि पुढची ३६ वर्षं ड्रेनेज. लोकांच्या मोरीचं आणि संडासाचं पाणी उताराने पुढे कसं जाईल, एवढंच बघत आलो. मार्च २०१२ ला निवृत्त झालो. याला दोन पानं कशाला लागतात? म्हणून एका दुसऱ्याच बाईंच्या कारकिर्दीवर लिहितो. आपल्या शाळेशी त्यांचा काही संबंध नाही. पण त्यांना टीव्हीवर पाहिलं आणि मला थेट आठवी ब चा वर्ग आठवला.

निवृत्त झालो आणि लगेच मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं इंग्लंडला, रेडिंगला गेलो. नातू दिवसा झोपायचा आणि रात्री घर जागवायचा. अशाच एका रात्री त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताना टीव्हीवर एक बाई दिसल्या. लांब पांढरे केस मोकळे सोडलेले, पायात साधे बूट, आणि रोमन काळातल्या एका जुन्या सार्वजनिक शौचालयाच्या दगडी बाकावर, त्या भोकावरच, ऐसपैस बसून बोलत होत्या. शेजारी शेजारी बसायची सोय, मध्ये आडोसा नाही. आमची ही म्हणाली, "अगं बाई, ही केस पण रंगवत नाही?" मी मात्र बाकाखालचा पाट बघत होतो. पाण्याची आवक कुठून, उतार किती! ड्रेनेजवाल्याला दुसरं काय दिसणार.

मुलीने सांगितलं, या मेरी बिअर्ड. केंब्रिजला ग्रीक-रोमन अभ्यासाच्या प्राध्यापक आहेत. मालिका होती 'मीट द रोमन्स'. तिचे तीन भाग मी पाहिले, आणि मग २०१० ची, ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पे या रोमन शहरावरची पहिली मालिका मुलीने शोधून दिली. तिच्यात या बाई तसंच गाडलं गेलेल्या हर्क्युलेनियम गावातल्या एका चाळवजा इमारतीखालच्या मैलाकुंडात उतरतात. व्हेसुव्हियस ज्वालामुखी इसवी सन ७९ मध्ये फुटला तेव्हा ते जसं होतं तसं बुजून गेलं. आता तिथून ७०० च्या वर पोती मैला काढून धुऊन चाळला, तर त्यात माशांची हाडं, अंजिराच्या बिया, अंड्यांची टरफलं मिळाली. म्हणजे वर दुकानांमागे नि पोटमाळ्यावर राहणारी साधी माणसं बरं खात होती. मी ३६ वर्षं अशाच खड्ड्यांपाशी उभा राहिलो, आणि त्यात इतिहास असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं, पण मी विसरलो होतो. त्यावर येतो.

या बाई माझ्याहून एका वर्षाने लहान, १९५५ चा जन्म. श्रॉपशर नावाच्या इंग्लंडच्या खेडवळ भागातल्या. आई शाळेची मुख्याध्यापिका, वडील आर्किटेक्ट. पाच वर्षांच्या असताना आई त्यांना ब्रिटिश म्युझियममध्ये घेऊन गेली. तिथे इजिप्तच्या कपाटात काही हजार वर्षांपूर्वीचा पावाचा तुकडा होता. कपाट उंच, पोरगी बुटकी. तेवढ्यात तिथले एक अधिकारी आले, काय बघायचंय म्हणून विचारलं, खिशातून किल्ली काढून कपाट उघडलं आणि तो तुकडा तिच्या नाकासमोर धरला. आपण इथे कशा आलो हे सांगताना ही गोष्ट बाई अजून सांगतात.

पुढचं सरळ आहे. मुलींची शाळा, सुट्टीत उत्खननावर मजुरी (त्यात हातखर्चाला पैसे मिळायचे हेही एक कारण), मग केंब्रिजचं न्यूनम कॉलेज. हे बायकांचं कॉलेज. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं होतं. १९८२ मध्ये सिसेरो या रोमन वक्त्याच्या लेखनावरून रोमच्या सरकारी धर्मावर पीएचडी. थोडी वर्षं लंडनला शिकवलं, १९८४ ला परत न्यूनममध्ये. त्या विभागात तेव्हा शिकवणारी बाई एकटी हीच. २००४ मध्ये प्राध्यापकपद. पॉम्पेवरचं पुस्तक २००८ मध्ये, आणि त्यावरून टीव्ही २०१० मध्ये, म्हणजे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. आपल्याकडे त्या वयाला माणूस पेन्शनच्या कागदांची फाईल शोधत असतो.

टीव्हीवर आल्या आणि एका नावाजलेल्या टीव्ही समीक्षकाने त्यांच्या ज्ञानाचं सोडून रूपावर लिहिलं. दात, केस, कपडे. बाईंनी वर्तमानपत्रात जाहीर उत्तर दिलं. पुढे इंटरनेटवर शिव्यांचा पाऊस पडला. त्यात घाणेरडं लिहिणारा एक विद्यार्थी निघाला. त्याने माफी मागितली, बाईंना जेवायला नेलं, आणि पुढे नोकरीसाठी बाईंनीच त्याला शिफारसपत्र लिहून दिलं. हे फक्त शिक्षकच करू जाणे. २०१४ मध्ये त्यांनी एक व्याख्यान दिलं, त्याची सुरुवात ग्रीक महाकवी होमरपासून. त्याच्या 'ओडिसी'त तोंडावर जेमतेम मिसरूड फुटलेला टेलेमाकस आपल्या आईला, पेनेलोपीला, सगळ्यांसमोर सांगतो की बोलणं हे पुरुषांचं काम, तू वर माडीवर जा आणि मागावर बस. ती जाते. बायकांना गप्प करण्याचा हा लिहून ठेवलेला पहिला दाखला, असं बाई म्हणतात. आमची ही एवढं ऐकून माझ्याकडे बघून हसली. का ते मी इथे लिहिणार नाही.

आता आठवी ब. १९६७ साल. आपल्या इतिहासाच्या बाई (नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं, त्या काळचे सगळे ओळखतील) आम्हाला चालत कोल्हापूरच्या टाउन हॉलच्या म्युझियममध्ये घेऊन गेल्या. तिथे पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात सापडलेली काशाची मूर्ती आहे. पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्राचा देव. हातात मावेल एवढी, दाढीवाली, आणि अंगावर चिंधी नाही. चाळीस पोरं फिदीफिदी हसली. बाईंनी हसू दिलं. मग विचारलं, "हा समुद्राचा देव. इथून समुद्र किती लांब?" कुणी म्हणालं, रत्नागिरीला एसटीने चार-पाच तास. "मग हा पंचगंगेवर कसा आला?" एकाने हात वर केला, "ट्रकातनं, बाई!"

बाई म्हणाल्या, "ट्रक सोडला तर उत्तर वाईट नाही. घाट चढून आला असणार. कुणीतरी पाठीवर, नाही तर बैलावर आणला." मग रोमची जहाजं, इथली बंदरं, सातवाहन, हे सगळं तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. आम्ही विचारलं, कुणी आणला? विकत घेतला का भेट मिळाली? त्याची पूजा करायचे का? त्यावर बाई जे म्हणाल्या ते तोवर मी कुठल्या शिक्षकाच्या तोंडून ऐकलं नव्हतं: "माहीत नाही."

आमच्यासाठी कपाट कुणी उघडलं नाही. शिपाई काचेपासून चार हात लांब उभं करत होता. म्हणून पुढच्या तासाला बाईंनी नदीकाठची एक खापरी आणली, वहीच्या चतकोर पानाएवढी, आणि सगळ्या वर्गात फिरवली. वहीत दोन रकाने पाडायला लावले. डावीकडे 'सांगता येतं', उजवीकडे 'सांगता येत नाही'. बाहेरून काजळी, म्हणजे चुलीवर चढलेलं भांडं. आतून कुंभाराच्या बोटांच्या बारीक रेषा, म्हणजे चाकावर घडवलेलं. मी डावीकडे ठोकून दिलं, 'सातवाहनाची राणी यात दूध तापवत असे.' बाईंनी खोडलं नाही. लाल शाईने बाण काढून ते वाक्य उजव्या रकान्यात नेऊन सोडलं. या उद्योगात पोर्शन मागे पडला म्हणून बाईंना बोलणी खावी लागली, हे आम्हाला नंतर कळलं.

बिअर्डबाई हेच करतात. रोममध्ये पोर्ता माज्जोरे या जुन्या वेशीपाशी, ट्रामच्या रुळांना लागून, युरिसाकेस नावाच्या एका पाववाल्याची भलीमोठी समाधी आहे. तिच्यावर ओळीने गोल भोकं, वर पट्टीवर दळणं, कणीक मळणं, पाव तोलणं असं सगळं कोरलेलं. ती भोकं कणीक मळायच्या भांड्यांची असावीत असं बऱ्याच जणांना वाटतं. 'असावीत' हा शब्द त्या गिळत नाहीत. त्याच शहरात फुटक्या तेलाच्या रांजणांची एक टेकडीच आहे, मोंते तेस्ताच्चो, सुमारे ३५ मीटर उंच. आमच्या भाषेत कचरा डेपो. सम्राट बाजूला ठेवून बाई त्या खापऱ्यांवरून शहराचं पोट सांगतात. ढोल बडवत, खोट्या तलवारी नाचवत इतिहास दाखवणारे कार्यक्रम मला आता सोसवत नाहीत, त्याला कारण या दोन बाया.

उजवा रकाना विसरल्याची शिक्षाही मी भोगली आहे. एका शहरात, नाव नको, खोदाईत जुनी विटांची गटार लागली. पाणी दिसलं नाही म्हणून मी नकाशावर 'बंद' असं लिहून मोकळा झालो आणि वरून भराव टाकून घेतला. 'माहीत नाही' लिहायला हवं होतं. पहिल्याच मोठ्या पावसात त्या गल्लीत घराघरात गुडघाभर पाणी. एक म्हातारी धान्याची भिजलेली पोती दारात मांडून बसली होती. मला काही बोलली नाही.

जाता जाता, आपल्या भागाशी नातं असलेली एक गोष्ट. १९३८ मध्ये पॉम्पेत हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिला 'पॉम्पेची लक्ष्मी' म्हणायचे, पण ती यक्षी असावी. तिच्यासारखीच हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननात निघाली. म्हणजे आपल्याकडे त्यांचा देव आला आणि त्यांच्याकडे आपली यक्षी गेली. हे आपल्या बाईंना सांगायला हवं होतं, पण तोवर त्या नव्हत्या.

बिअर्डबाई २०२२ मध्ये निवृत्त झाल्या. निघताना त्यांनी ८०,००० पौंड काढून दिले, विभागात ज्यांची मुलं फारशी पोचत नाहीत अशा समाजातल्या दोन विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी. त्याला नाव दिलं स्वतःच्या बाईंचं, जॉइस रेनल्ड्स यांचं. त्या शिलालेखांच्या मोठ्या जाणकार. लिबियातले, तुर्कस्तानातले झिजलेले दगड वाचण्यात त्यांचा जन्म गेला. त्याच वर्षी १०३ वर्षांच्या होऊन वारल्या.

माझ्याकडे पौंड नाहीत. समितीने कमानीसाठी मागितलेली रक्कम पाठवली आहेच. सोबत एक छोटं पार्सल आहे. बाईंची ती खापरी वर्गात फिरली ती शेवटच्या बाकावर माझ्यापाशी थांबली, आणि घंटा झाल्यावर मी ती दप्तरात टाकली. बाईंनी दोन दिवस विचारलं, मी गप्प राहिलो. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. कागदात नीट गुंडाळली आहे, उघडताना जपून. आठवीच्या मुलांच्या हातात द्या आणि मिळाल्याची पावती शाळेच्या शिक्क्यानिशी पाठवा.

— १९७० च्या मॅट्रिक तुकडीतला एक विद्यार्थी