सी-७५४३५ : खर्जाची तार शेवटी बोलली

तीन आठवड्यांनी काल रात्री गिटारवर, कॅनडाची गायिका जोनी मिचेल हिच्या 'अमेलिया' गाण्याच्या मिळवणीत (ट्यूनिंगमध्ये), सहावी म्हणजे सगळ्यांत जाड तार स्वच्छ वाजली. झणझण नाही, स्वर पळत नाही आणि आस पूर्ण टिकते. मागच्या नोंदीत दोष घोडीत (ब्रिजमध्ये) आहे असं लिहिलं होतं, ते साफ चूक निघालं. त्या भरवशावर कुणी घोडी घासायला काढली असेल तर हातातला कानस आधी खाली ठेवा.

जोनी मिचेलची लिपी इथे सगळ्यांना पाठ आहे: आधी सहाव्या तारेचा स्वर, मग प्रत्येक तार कितव्या फ्रेटवर (धातूच्या पडद्यावर) दाबून पुढची तार मिळवायची तो आकडा. सी-७५४३५ म्हणजे सी जी सी ई जी सी. पांढरी एकला सा धरला तर सा प सा ग प सा. तानपुरा मिळवणाऱ्या कानाला हे पहिल्या दिवशी समजतं. पाचव्या फ्रेटवर एक बोट आडवं टाकलं की मध्यम, सातव्यावर पंचम. जोनीला नऊ वर्षांची असताना पोलिओ झाला, डावा हात कमजोर राहिला, आणि बोटांचे अवघड आकार टाळायला तिने तारांनाच कामाला लावलं. त्यातून पन्नासहून जास्त मिळवण्या तयार झाल्या.

आता दुखणं. नेहमीच्या मिळवणीतून (ई ए डी जी बी ई) इथे यायला सहाही तारा उतरवाव्या लागतात, आणि इथे एक स्वर म्हणजे एका फ्रेटचं अंतर: सहावी, दुसरी आणि पहिली चार-चार स्वर, तिसरी तीन, पाचवी आणि चौथी दोन-दोन. तारेवरचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ८२.४ हर्ट्झवरून ६५.४ वर आलेल्या सहाव्या तारेत फक्त ६३ टक्के ताण उरतो. सहा तारांची सरासरी काढली तर ७० टक्के. म्हणजे नेकला (गिटारच्या दांडीला) पुढे ओढणारी जवळजवळ एक-तृतीयांश ताकद गायब, आणि तिच्या आतली धातूची सळई, ट्रस रॉड, मात्र पूर्वीच्याच जोराने मागे खेचतेय. नेक सपाट होतो, कधी उलटा बाक घेतो, आणि ढिली तार पहिल्या चार-पाच फ्रेटना घासते. मिरजेचे कारागीर घोडी घासून तानपुऱ्याला मुद्दाम जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झणझण, काढतात. इथे नको असलेली जवारी फ्रेटवर लागत होती.

ओळखायचं असं: तार पहिल्या फ्रेटवर दाबायची, दुसऱ्या हाताने नेक जिथे पेटीला मिळतो तिथे दाबायची, आणि सहाव्या-सातव्या फ्रेटवरची फट बघायची. झेरॉक्सच्या साध्या कागदाची जाडी ०.१ मिमी असते. एकही कागद सरकत नसेल तर नेक सपाट आहे. दोन-तीन कागद सहज जायला हवेत. हे माप गिटार ज्या मिळवणीत वाजवायची त्याच मिळवणीत घ्या. आधीची सगळी मापं नेहमीच्या मिळवणीत घेतली होती, तिथेच आठवडा वाया गेला.

रॉड घड्याळाच्या उलट दिशेने एक-अष्टमांश फेरा सोडला, रात्रभर ठेवला, पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढाच सोडला. एकूण पाव फेरा पुरला. एकदम पाव फेरा देऊ नका. लाकूड सावकाश ऐकतं.

आणि कोल्हापुरात राहणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा: जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेने पेटीची वरची फळी फुगते आणि तारा उंच होतात. त्या दिवसांत घोडीवरची पट्टी घासून उंची कमी केली तर जानेवारीत, फळी बसल्यावर, तारा फ्रेटवर लोळतील. पावसाळ्यात फक्त रॉड, पट्टी नाही. गिटार ठेवता तिथली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवता आली तर उत्तम.

घासणं थांबलं तरी स्वर पळत होताच. छेडताना ट्यूनरचा काटा २० सेंट (एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वर उडायचा, मग खाली बसायचा. ढिल्या तारेला छेडलं की ती ताणली जाते, आणि मुळात ताण कमी असल्याने ही भर मोठी दिसते. उपाय एकच, जाड तार. बारा-त्रेपन्नचा सेट (सगळ्यांत पातळ आणि जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात) काढून तेरा-छप्पन्नचा चढवला आणि त्यातली सहावी बदलून ०.०६० टाकली. जाडीच्या वर्गाचा अंदाजे हिशोब धरला तर सहाव्या तारेचा ताण ६३ वरून ८१ टक्क्यांवर आला, सहाही तारांची सरासरी ८२ च्या आसपास. काट्याची उडी आता सात-आठ सेंट आहे, आणि अंगठ्याच्या मांसाने छेडलं तर त्याहून कमी.

सुटी जाड तार गावात मिळत नाही. एका ऑनलाइन दुकानाने फॉस्फर ब्राँझऐवजी इलेक्ट्रिक गिटारची निकेलची तार पाठवली. मापाने बरोबर, आवाजाने मुकी. पाकिटावर फक्त आकडा वाचू नका, धातूही वाचा.

शेवटचा अडथळा नटची, म्हणजे खुंट्यांजवळच्या पट्टीची, खाच. ०.०५३ साठी कापलेल्या खाचेत ०.०६० ची तार अडकते, आणि खुंटी पिळताना 'टक्' करून एकदम उडी मारते. काढलेल्या जुन्या तारेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर एक वेढा गुंडाळला आणि तीच कानस म्हणून वापरली. पाच-सहा हलके हात, खाचेचा उतार खुंट्यांच्या बाजूला, तळ खोल करायचा नाही, फक्त बाजू रुंद करायच्या. मग शिसपेन्सिलीची पूड. तार मिळवताना स्वराच्या खाली नेऊन वर चढवत आणायची. वरून उतरवत आणलेली तार दहा मिनिटांत घसरते.

एवढा खटाटोप याच गाण्यासाठी का, तर १९७६ च्या 'हेजिरा' या अल्बमवर 'कायोटी' गाण्यात जाको पास्टोरियसची बेस गिटार आहे, ती खालचा मजला सांभाळते. 'अमेलिया'त बेसच नाही. लॅरी कार्लटनची गिटार आणि व्हायब्राफोन वर तरंगतात, खाली फक्त जोनीच्या तारा. विशीत हे गाणं रिकामं वाटतं. त्या रिकाम्या जागेत किती काय ठेवलंय ते चाळिशीनंतर ऐकू यायला लागतं. 'बोथ साइड्स नाऊ' १९६९ ची आणि २००० ची पाठोपाठ ऐका. पंचविशीतला उंच, पातळ आवाज आणि छप्पन्नाव्या वर्षीचा खर्जातला, धुरकट आवाज. शब्द तेच, पण दुसऱ्या वेळी ती प्रत्येक शब्दावर वजन ठेवून पुढे जाते. मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या आजारातून उठल्यावर स्वतःचे जुने व्हिडिओ बघून ती पुन्हा गिटार शिकली, आणि २०२२ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात, ७८ व्या वर्षी, मंचावर वाजवली. बोटं कुठे ठेवायची ते आपणही त्याच व्हिडिओंतून शिकतो.

पुढचं काम 'कायोटी', सी-७७३७४, म्हणजे सा प रे म सा ग. ग आणि म एकत्र मोकळे वाजतात, कुठेच विसावत नाहीत. अडचण अशी की तिथे दुसरी तार बी वरून सी वर चढते आणि पहिली, चौथी जागच्या जागी राहतात. याच तारांवर सरासरी ताण १०५ टक्के होतो. म्हणजे 'अमेलिया'साठी बसवलेला बाक जास्त होणार, आणि दर वेळी रॉड फिरवत बसणं गिटारच्या जिवावर. दुसरी गिटार ठेवायचं ठरत आलं होतं.

पण हिशोब मांडतानाच सुचलं: ७७३७४ ही अंतरं तशीच ठेवून सगळंच दोन स्वर खाली, बी-फ्लॅटवर न्यायचं. सरासरी ताण ८३ टक्के, 'अमेलिया'च्या जवळजवळ बरोबर, रॉडला हात नको. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की मूळ पट्टी परत. कॅपो काढून खालीच गायलं तरी चालेल. आवाज उतरत गेला तशी तीही गिटार उतरवत गेली. फक्त सहावी तार तिथे पुन्हा ६४ टक्क्यांवर येते. ०.०६४ टाकली तर ७३. मिरजेत हाडाचा नट करून घ्यायचा बेत म्हणून लांबणीवर: ०.०६० साठी १.६ मिमी खाच पुरते, ०.०६४ ला १.७ लागेल. आधी तार येऊ दे, मग माप देऊ.