तुम्ही विचारलंत म्हणून: विमान असताना रेल्वेने कशाला?

हिवाळ्यात एका सकाळी मी चाकांची बॅग आणि खांद्याला डब्याची पिशवी घेऊन मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी उभी असले की कोणी ना कोणी थांबून हा प्रश्न विचारतेच. विमानाने दोन-अडीच तासांत कोलकात्याला पोहोचता येत असताना पंधरा-सतरा दिवस रेल्वेने भारतभर फिरायचे, आणि तेही हॉटेलात न उतरता मैत्रिणींच्या घरी, हे कशासाठी? दरवर्षी मी काहीतरी हसून सांगते आणि रिक्षात बसते. या वेळी मात्र नीट उत्तर देण्याचा प्रयत्न करते, कारण गेल्या खेपेला माझेच उत्तर थोडे बदलले.

आधी मैत्रिणींविषयी सांगते. 1984 ते 1986 या काळात दादरच्या एका महिला वसतिगृहात आम्ही चौघी एका खोलीत राहत होतो. चार खाटा, एक कपाट आणि चौघींत मिळून एक स्टोव्ह, तोही वॉर्डनपासून लपवलेला. पुढे लग्ने आणि नोकऱ्या यांनी एकीला नागपूरला, एकीला कोलकात्याला आणि एकीला विशाखापट्टणमला नेले. मी मुंबईतच राहिले. निवृत्तीनंतर नकाशा समोर घेऊन बसले, तेव्हा लक्षात आले की ही तीन गावे आणि परतीच्या वाटेवरची चेन्नई व सोलापूर रेल्वेच्या रुळांनी जोडली तर मुंबईपासून मुंबईपर्यंत एक वाटोळा फेरा होतो.

अशा फेऱ्यासाठी रेल्वेकडे सर्क्युलर जर्नी तिकीट नावाची सोय आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. ज्या स्थानकावरून निघायचे त्याच स्थानकावर दुसऱ्या वाटेने परत यायचे, आणि मध्ये जास्तीत जास्त 8 ठिकाणी उतरायचे, असा त्याचा ढोबळ नियम. अंतर वाढत जाते तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो, त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी काढलेल्या तिकिटांपेक्षा हे एकच तिकीट स्वस्त पडते. आपला मार्ग लिहून अर्ज करावा लागतो, आणि प्रत्येक टप्प्याचे आरक्षण तेवढे वेगळे करावे लागते. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, नेमकी मी तिला पात्र होण्याच्या सुमारास. त्याचे दुःख मी अजून विसरलेले नाही.

ठाणे पुढच्याच स्थानकावर असताना मी लोकलने उलटी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाऊन गाडी पकडते, याला घरचे वेडेपणा म्हणतात. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यापर्यंत जे 34 किलोमीटर धावली, जवळजवळ तेवढेच अंतर मी आधी मागे जाते आणि मग पुन्हा पुढे येते. तासाभराने माझी गाडी मुलुंडवरून न थांबता जाते, तेव्हा आमच्या इमारतीची पाण्याची टाकी क्षणभर दिसते. घर मागे पडले हे मला त्या टाकीवरून कळते. विमानतळावर ते कळत नाही.

त्यानंतरची खरी सुरुवात कसाऱ्याची. तिथे गाडी थांबते आणि पाच-सात मिनिटे काहीच घडत नाही. मग मागून एक हलकासा धक्का बसतो, खिडकीच्या फळीवरच्या कपातला चहा काठापर्यंत येतो आणि परत जातो. गाडीला मागून ढकलणारी इंजिने लागली, असा त्याचा अर्थ. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. 1865 मध्ये सुरू झालेल्या या घाटातला चढ 37 फुटांना 1 फूट इतका आहे, आणि पुढच्या इंजिनाच्या एकट्याच्या बळावर एवढी लांब गाडी इगतपुरीपर्यंत चढवणे धोक्याचे ठरते. वर पोहोचल्यावर बँकर सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी खाली जातात. इगतपुरीला दार उघडले की हवा बदललेली असते, आणि मी पहिला डबा उघडते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मुंबईत माझ्या मैत्रिणी नाहीत असे नाही. पण मुंबईतली भेट म्हणजे दोन लोकलच्या वेळांमध्ये बसवलेला तास असतो. बोरिवलीची मैत्रीण पर्स मांडीवरून खाली ठेवत नाही, आणि मीही घड्याळ पाहत असते. मैत्रिणीच्या घरी दोन रात्री राहिले की ती सकाळी उठल्यावर आधी काय करते, फोडणीत हिंग आधी घालते की मोहरी, नवऱ्याशी कोणत्या आवाजात बोलते, हे सगळे न विचारता कळते. तारुण्यात आम्ही एका खोलीत राहिलो होतो, त्यामुळे एकमेकींना अशाच ओळखतो. गप्पांपुरते भेटणे आम्हाला पुरत नाही.

आणि रेल्वेने का, तर मुदतीसाठी. हे जरा विचित्र वाटेल. आरक्षण हल्ली 60 दिवस आधी खुले होते, त्यामुळे मी कोणत्या दिवशी येणार आणि कोणत्या दिवशी जाणार हे यजमानिणीला दोन महिने आधी कळलेले असते. विमानाचे तिकीट बदलता येते, स्वतःच्या मोटारीने आलेला पाहुणा तर आणखीच रेंगाळू शकतो; पण ज्याची पुढच्या टप्प्याची खालची बर्थ मोठ्या मुश्किलीने पक्की झालेली आहे, त्याला ‘राहा ना अजून एक दिवस’ असे कोणी फारसे म्हणत नाही, आणि म्हटले तरी ते मनावर घेण्याची दोन्हीकडे सक्ती नसते. ‘एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही म्हण माझी आई प्रत्येक सुट्टीत ऐकवायची. मी ती माझ्या वेळापत्रकातच घालून टाकली होती: प्रत्येक घरी दोन दिवस, तिसऱ्या दिवशी गाडी. या हिशेबाचा मला बराच अभिमान होता.

जानेवारी 2025 चा फेरा याच हिशेबाने आखला. नागपूरपर्यंतचे 837 किलोमीटर एका रात्रीचे काम. तिथे मैत्रिणीने नेहमीप्रमाणे सांडगी मिरच्यांची बरणी बांधून दिली आणि मी तिला गोडा मसाला दिला. कोलकात्याला हावड्यावर उतरले, तेव्हा तिथल्या मैत्रिणीशी छोटा वाद झाला. तिला मला हुगळीच्या खालून जाणाऱ्या मेट्रोतून न्यायचे होते, जी मार्च 2024 मध्ये सुरू झाली होती, आणि मला नेहमीसारखे लाँचमधून नदी ओलांडायची होती, कारण पाण्यावरून 1943 च्या हावडा पुलाकडे मान वर करून पाहिल्याशिवाय मला कोलकाता आल्यासारखे वाटत नाही. शेवटी जाताना लाँच आणि परतताना मेट्रो असे ठरले. नोलेन गुडाचे, म्हणजे खजुराच्या ताज्या गुळाचे, दिवस होते. त्याविषयी अधिक लिहिले तर हा लेख तिथेच अडकेल.

शुक्रवारी पहाटे हावड्याहून निघाले. दुपारनंतर बालुगावच्या पुढे डाव्या हाताला चिल्का सरोवर लागते आणि बराच वेळ सोबत राहते. त्या खिडकीसाठी मी आधीच शेजाऱ्याशी ओळख करून ठेवली होती. रात्री विशाखापट्टणमला मैत्रीण फलाटावर उभी होती. तिने फोनवर दोनदा बजावले होते, “शुक्रवारी रात्रीच पोच, मला ते अगदी सोयीचं आहे.” पुढे जे लिहिते आहे, ते तिला विचारून लिहिते आहे.

दोन दिवस फार छान गेले. समुद्रकिनारी फिरलो, वसतिगृहातल्या स्टोव्हची गोष्ट तिच्या नवऱ्याला चौथ्यांदा सांगितली आणि भाऊजी चौथ्यांदा हसले. रविवारी संध्याकाळी माझ्या प्रवासासाठी दोघींनी मिळून दशम्या केल्या आणि शेंगदाण्याची चटणी कुटली. गाडी मध्यरात्रीनंतर बारा वाजून पंचवीस मिनिटांनी होती. साडेअकराला आम्ही स्थानकावर पोहोचलो, आणि तिथे तपासनिसाने माझे आरक्षण पाहून अतिशय सौम्य आवाजात सांगितले की तुमची गाडी काल रात्रीच गेली.

मध्यरात्रीनंतरच्या गाडीची तारीख पुढच्या दिवसाची असते, हे मी स्वतः निदान वीस जणांना समजावले असेल. रविवारी रात्री निघायचे म्हणजे सोमवारची तारीख टाकायला हवी होती. मी रविवारची टाकली, म्हणजे शनिवारी रात्रीच निघायला हवे होते. मी तिच्या घरी निवांत झोपलेली असताना माझी खालची बर्थ माझ्यावाचून चेन्नईच्या वाटेला लागली. मैत्रीण हसली, पण लगेच गप्प झाली, आणि रिक्षात सगळा वेळ बाहेर पाहत राहिली. मला वाटले, झोप मोडली म्हणून.

सकाळी साडेपाचला जाग आली तर स्वयंपाकघरात दिवा होता. ती एका पिशवीत शाल, मोजे, फाइल आणि खुणा केलेली पाण्याची छोटी बाटली भरत होती. ती बाटली मी दोन दिवस जेवणाच्या टेबलावर पाहिली होती. भाऊजी कपडे करून बसले होते. तिने पिशवीकडे बघतच सांगितले की त्यांचे डायलिसिस चालू आहे, दीड वर्षापासून, आठवड्यातून तीन वेळा: सोमवार, बुधवार, शुक्रवार. मी शुक्रवारी रात्री यायचे आणि रविवारी रात्री जायचे, म्हणजे मधे काहीच दिसणार नाही, असा तिचा हिशेब होता. तो माझ्यापेक्षा काटेकोर होता.

मग एकेक गोष्ट जागेवर बसली. उकाड्यातही त्यांच्या अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा होता. चहा ते अर्धा कप घेत आणि तोही पुरवून पुरवून. किनाऱ्यावर आम्ही तिघांसाठी शहाळी घेतली, तेव्हा त्यांनी आपले न उघडताच परत दिले होते आणि मी त्यांना संकोची म्हणाले होते. मूत्रपिंडे काम करीत नसताना नारळपाण्यातले पोटॅशियम शरीराबाहेर पडत नाही आणि ते हृदयाला धोक्याचे होऊ शकते, हे मला त्या दिवशी केंद्राच्या भिंतीवरच्या फलकावरून कळले.

“अगं, सांगितलं का नाहीस?” मी विचारले.

“दोन दिवस तर येतेस,” ती म्हणाली. “त्यातला अर्धा वेळ माझ्या रडगाण्यात कशाला घालवायचा?”

मी त्यांच्याबरोबर गेले. एकेका वेळी सुमारे चार तास लागतात. भाऊजींच्या उजव्या हातात वर्तमानपत्र होते आणि डावा हात उशीवर सरळ ठेवलेला होता. बाही पहिल्यांदाच वर गेलेली होती, आणि कोपराखाली दोरीसारखी फुगलेली शीर दिसत होती. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. पहिला तासभर ती नर्सेसची नावे, सुयांचे आकार, गोळ्यांच्या किमती असे काहीबाही सांगत राहिली. दुसऱ्या तासात तिने सांगितले की रात्री त्यांचा श्वास मोजत ती जागी असते. मग आम्हाला भूक लागली आणि आम्ही माझ्या गाडीसाठी बांधलेला डबा तिथेच उघडला. दशम्या पुष्कळ होत्या. दोन सिस्टरना दिल्या. त्यांनी चटणीला ‘कारम’ म्हणून मान डोलावली आणि आणखी मागितली.

मंगळवारच्या एका गाडीत मला आरएसी मिळाली, म्हणजे बाजूच्या खालच्या बर्थवरची अर्धी जागा; उरलेल्या अर्ध्या जागेवर एक काका काकिनाड्याची खाजी घेऊन बसले होते आणि ती त्यांनी गोदावरी येईपर्यंत मला खाऊ घातली. राजमहेंद्रीच्या पुलावर सगळा डबा खिडकीकडे वळला. त्र्यंबकेश्वरला उडी मारून ओलांडता येईल एवढी धार इथे ओलांडायला गाडीला काही मिनिटे लागतात. चेन्नईचा मुक्काम त्यामुळे एका रात्रीवर आला, सोलापूरला भावजयीकडे फक्त जेवले, आणि वर्तुळ ठरल्या दिवशीच पूर्ण झाले.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की रेल्वेने गेले म्हणजे येण्याजाण्याचे दिवस आधी ठरतात म्हणून मी जाते, हे मी इतकी वर्षे मानत होते आणि अजूनही बरेचसे मानते. आईची म्हणही खोटी नाही. तिसऱ्या दिवशी राहणाऱ्याची अक्कल जाते, कारण तिसऱ्या दिवशी घराला पाहुण्यासाठी आवरून ठेवलेपण सांभाळता येत नाही. फक्त त्या तिसऱ्या दिवसापासून पळ काढण्यासाठी मी आरक्षणाचा आडोसा घेत होते, आणि माझ्या मैत्रिणीही तोच आडोसा घेत होत्या, हे मला तारीख चुकली नसती तर कळले नसते. दोन तासांच्या विमानाने मी आणखी नेमकेपणाने आले असते आणि आणखी नेमकेपणाने गेले असते.

पुढच्या फेऱ्याची आखणी सुरू आहे. नागपूर आणि कोलकात्याला मी दोनच दिवस ठेवले आहेत, कारण तिथल्या दोघींना विचारले तेव्हा त्यांनी स्पष्टच ‘पुरे’ म्हणून सांगितले. विशाखापट्टणमला चार ठेवले. तिथल्या मैत्रिणीला तारखा कळवायला फोन केला, तर तिने आधी मला मध्यरात्रीनंतरच्या गाडीची तारीख मोठ्याने वाचून दाखवायला लावली. मग म्हणाली, “सोमवारी आहेस ना? मग रविवारी दशम्या जास्त करू. सिस्टर अजून विचारतात.”