एक्सटीसी क्रमाने : 'स्कायलार्किंग' आणि उलट्या वायरी

एक्सटीसी या इंग्लिश रॉक बँडचे, म्हणजे स्विंडन गावच्या या विक्षिप्त मंडळींचे, अल्बम क्रमाने ऐकतोय, ते आता आठव्यावर पोचलं. त्याआधीचा 'बिग एक्सप्रेस' दोनदा ऐकून बाजूला ठेवला. ड्रम मशीनचा खडखडाट मला अजून पचत नाही. स्विंडनच्या रेल्वे कारखान्याचा अल्बम म्हणून सोडून देतो.

१९८२ मध्ये पॅरिसला बँडचा मुख्य गायक अँडी पार्ट्रिज गाणं सुरू असतानाच स्टेजवरून निघून गेला. पुढे दौरे कायमचे बंद. तेव्हापासून हा बँड फक्त स्टुडिओत राहिला, म्हणून १९८६ च्या 'स्कायलार्किंग'बद्दल उत्सुकता होती. निर्माता टॉड रन्डग्रेन. पार्ट्रिजचं त्याच्याशी अजिबात पटलं नाही, पण बँड पोचायच्या आधीच रन्डग्रेनने डेमोंवरून गाण्यांचा क्रम लावून ठेवला होता आणि माझ्या मते तिथेच त्याने बाजी मारली.

माझी प्रत जुनी ब्रिटिश आहे, म्हणजे 'डिअर गॉड' नाही, 'मर्मेड स्माइल्ड' आहे. ('डिअर गॉड' आधी 'ग्रास'च्या सिंगल रेकॉर्डच्या मागच्या बाजूला होतं. अमेरिकन रेडिओवाल्यांनी उचललं, मग तिथल्या अल्बमात घुसलं.) पहिल्यांदा ऐकताना आवाज पातळ वाटला. दोष माझ्या अॅम्पचा समजून तासभर नॉब फिरवत बसलो. मग आठवलं: २०१० मध्ये या अल्बमचं नव्याने मास्टरिंग करताना इंजिनिअर जॉन डेंटच्या लक्षात आलं होतं की मूळ टेपची पोलॅरिटीच उलटी आहे, म्हणजे सिग्नलचं अधिक-उणे उलटं झालंय. मग स्पीकरच्या वायरी उलट्या जोडल्या की ते सरळ व्हायला हवं.

रविवारी स्पीकर भिंतीपासून ओढले. लाल वायर काळ्यात, काळी लालमध्ये. घाईत एकाच स्पीकरची बदलली, तर बास गायब आणि पार्ट्रिजचा आवाज खोलीत कुठून येतोय तेच कळेना. दुसऱ्याची बदलल्यावर 'समर्स कॉल्ड्रन' पुन्हा पहिल्यापासून लावलं. किडे, पक्षी, सगळं तसंच. पण तिथून न थांबता 'ग्रास' सुरू झालं आणि बँडचा बासवादक कॉलिन मोल्डिंगचा बास खाली जमिनीवर येऊन बसला. फार मोठा फरक नाही. मन लावून ऐकलं तरच कळतो, आणि थोडा माझ्या मनाचाही असेल. 'अर्न इनफ फॉर अस' मात्र सलग चारदा वाजवलं.

दोन्ही स्पीकरच्या मागे चिकटपट्टी लावून 'उलटं आहे' लिहून ठेवलंय. पुढचा अल्बम 'ऑरेंजेस अँड लेमन्स' लावायच्या आधी सरळ करायचं.