टोमॅटोची फुलगळ आणि बॅटरीचा टूथब्रश : माझा अनुभव

टोमॅटोचं परागीभवन हाताने कसं करायचं, हे एका ओळीत सांगण्यासारखं आहे: फूल पूर्ण उमललं की सकाळची ओल सुकल्यावर त्याच्या देठाला कंप द्या. झालं. पण ही एक ओळ कधी लागू पडते आणि कधी कितीही आटापिटा केला तरी पडत नाही, ते कुणी सांगत नाही. माझा अख्खा ऑक्टोबर त्यात गेला. त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही ठाण्यात सातव्या मजल्यावर राहतो. गॅलरी पूर्वेची, ऊन चांगलं येतं. बाहेरून कबुतरांची जाळी, आतून डासांची बारीक जाळी. कबुतरांच्या जाळीतून माशी, भुंगा आरामात आत येतो. डासांच्या जाळीतून मुंगीसुद्धा विचार करून येते. ती जाळी काढायची नाही यावर घरात एकमत आहे, कारण आमच्याकडे डेंग्यू एकदा मुक्काम करून गेलाय. म्हणजे कीटक शून्य आणि वाराही अर्धामुर्धाच. गणपती झाल्यावर नर्सरीतून रोपं आणली: मोठ्या फळाची संकरित, एक गावठी आणि एक चेरी. कुंड्या, माती, शेणखत, काठीचा आधार यात काहीच अडलं नाही, ते सोडून देते.

दसऱ्याच्या सुमारास फुलं आली. भरपूर आली. आणि गळाली. तीही भरपूर.

टोमॅटोच्या फुलाच्या देठाला मध्यावर एक सांधा असतो. फळ धरणार नसेल तर आधी तो सांधा पिवळा पडतो आणि मग फूल बरोबर तिथूनच तुटतं, अर्धा देठ झाडावर, अर्धा खाली. रोज सकाळी गॅलरी झाडताना केरात पिवळी फुलं. फुलं चांगली टवटवीत असायची, किडकी नाही, सुकलेली नाही. त्यामुळेच जास्त चिडचिड व्हायची.

मग सल्ले सुरू झाले. सोसायटीच्या बागकामाच्या ग्रुपवर एकीने आंबट ताकात हिंग घालून फवारायला सांगितलं. दुसरीने एप्सम सॉल्ट. तिसरे काका म्हणाले, नर फूल शोधा आणि मादी फुलाला लावा. काका दुधी लावतात. दुधी, भोपळा, दोडका, काकडी यांना नर आणि मादी फुलं वेगळी असतात, मादी फुलामागे इवलं फळ आधीच दिसतं, तिथे काकांचं बरोबर आहे. टोमॅटोच्या प्रत्येक फुलात दोन्ही असतं. शोधायला जाल तर संध्याकाळपर्यंत शोधत बसाल. नर्सरीवाल्याने एक बाटली दिली, 'फळधारणेचं औषध' म्हणून. ते संजीवक निघालं, म्हणजे झाडाच्या वाढीचं हार्मोन. एका झाडावर मारलं तर शेंड्याची पानं पिळवटली, आणि जी दोन-तीन फळं धरली ती कापल्यावर आतून पोकळ, बी जवळपास नाहीच. हे असंच होतं: संजीवक फुलाला फसवून फळ धरायला लावतं, पराग पडलेलाच नसतो, मग बी कुठून येणार? आणि बी कमी म्हणजे आत गर कमी. टोमॅटो मोठा आणि गोल व्हायचा तर आत बी चांगलं भरावं लागतं. फुलाच्या एकाच बाजूला पराग पडला तर फळही एका बाजूने दबलेलं, वेडंवाकडं येतं.

आणि ब्रश. ज्याला विचारावं तो ब्रश सांगतो. रंगकामाचा मऊ ब्रश घ्या, या फुलावरून त्या फुलावर फिरवा. एकदा फूल हातात घेऊन नीट बघा म्हणजे कळेल की ब्रश फिरवायला तिथे जागाच नाही. पाकळ्या मागे वळलेल्या असतात आणि मध्ये पिवळा सुळका. हा सुळका म्हणजे परागकोशच, एकमेकांना चिकटून नळी केलेले. स्त्रीकेसराचा दांडा त्या नळीच्या आत. पराग बाहेर उघड्यावर नसतोच, परागकोश आतल्या बाजूने चिरतात आणि पराग नळीत सुटतो. तो हलला की टोकाशी घसरत येतो आणि दांड्याच्या टोकाला लागतो. म्हणजे पराग इकडून तिकडे न्यायचा नाहीये, फक्त हलवायचा आहे. मोकळ्या शेतात हे काम वारा करतो, आणि त्याहून चांगलं काम मोठा काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी करते. ते फुलाला घट्ट धरून, पंख न उडवता, छातीचे स्नायू असे थरथरवतात की सेकंदाला काही शे वेळा फूल थरथरतं आणि पराग पावडरीसारखा खाली येतो. मधमाशीला ही कला येत नाही. युरोपातल्या काचघरांत १९८०च्या दशकाच्या अखेरीस पाळलेले भुंगे मिळू लागले. तोवर तिथली माणसं कंप देणारी कांडी हातात घेऊन टोमॅटोच्या ओळींतून फिरायची. म्हणजे माझ्या गॅलरीतला प्रश्न काही जगावेगळा नव्हता.

हे सगळं वाचून मी देठांना टिचक्या मारायला लागले. सकाळी चहा घेऊन जायचं आणि प्रत्येक फुलाला टिचकी. तरी सांधे पिवळेच.

दिवाळीत माझ्या जावेची मोठी बहीण आली. ताई देऊळगाव राजाकडच्या. त्या बुलढाणा-जालन्याच्या पट्ट्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं संकरित बियाणं तयार करायचं काम मोठ्या प्रमाणावर चालतं आणि ताईंनी कितीतरी हंगाम टोमॅटोचं 'क्रॉसिंग' केलंय. कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने तो पिवळा सुळका अलगद ओढून काढायचा, दांड्याला धक्का न लावता. मग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाचा पराग त्या उघड्या टोकाला लावायचा. एकेक फूल, हाताने. संकरित टोमॅटोच्या बियांचं पाकीट एवढं महाग का, याचं उत्तर ताईंच्या मानेच्या दुखण्यात आहे.

ताईंनी माझा सकाळचा टिचक्यांचा कार्यक्रम थोडा वेळ बघितला आणि मोबाइल मागितला. स्क्रीन बंद केली, एका फुलाखाली आडवी धरली आणि देठाला नखाने टिचकी मारली. काळी स्क्रीन कोरीच्या कोरी.

"काय पडलं?"

"काहीच नाही."

"मग झाडात तरी काय पडणार? ओल जाऊ दे आधी. अकराला बघू."

अकराला पुन्हा तोच प्रयोग. चेरीच्या फुलाखाली स्क्रीनवर पांढुरकी-पिवळट धूळ दिसली, फुंकर मारली तर उडाली. गावठीचा एक पुसट ठिपका. संकरित झाडांचं फूल हलवून हलवून दमलो, काही नाही. ताईंनी ते फूल जवळ धरून दाखवलं: दांड्याचं टोक सुळक्याच्या बाहेर डोकावत होतं. "हे गर्मीचं. पराग मेला आणि टोकही बाहेर आलं. आमच्याकडं पण उन्हाळ्यात सेटिंग होत नाही. थंडी पडू दे गं, उगा त्या झाडांना छळू नको."

एवढंच. ग्रुपवरच्या एकानेही 'रात्री किती तापमान आहे?' हा प्रश्न विचारला नव्हता. टोमॅटोला दिवसाचं ऊन थोडंफार चालतं, पण रात्र गार लागते. साधारण १५ ते २१ अंशांची रात्र फळधारणेला उत्तम. रात्री २४च्या वर राहिल्या आणि दिवस ३५कडे गेले की फुलं गळणारच. आता ठाण्याचा ऑक्टोबर आठवा: दुपारी ३४, रात्री पंखा पाचवर ठेवूनही उकाडा, वर खाडीची दमट हवा. हवा फार दमट असली की पराग चिकट होऊन नळीतच बसतो. फार कोरडी असली तर टोकाला चिकटत नाही. आमच्याकडे कोरडेपणाची काळजी करायची वेळच येत नाही.

मग सुरू झालं वाट बघणं. हे मला सर्वांत जड गेलं. कामात अडचण असेल तर माणूस काहीतरी करतो. इथे करायचं काय, तर रोज रात्रीचं किमान तापमान बघायचं आणि फुलं झाडायची. नोव्हेंबर उजाडला तरी उकाडा हटेना. मग एकदा पहाटे चादर ओढावीशी वाटली, मला वाटलं झालं आपलं काम. अकरा वाजता मोबाइल घेऊन धावले. स्क्रीन कोरी! त्या दिवशी मी खरंच झाडं उपटणार होते. नवऱ्याने अडवलं, तेही झाडांच्या प्रेमापोटी नाही, मातीचा राडा होईल म्हणून.

कारण नंतर कळलं. पराग तयार होतो तो फूल कळीत असताना, उमलायच्या आठवडा-दहा दिवस आधी. आज उमललेल्या फुलातला पराग गेल्या आठवड्याच्या उकाड्यात भाजून निघालेला असतो. त्यामुळे रात्री गार झाल्या तरी त्याचा फायदा दिसायला आणखी आठवडा-दीड आठवडा लागतो. ही गोष्ट आधी माहीत असती तर माझं रक्त इतकं आटलं नसतं. तुमच्याकडे थंडी पडली की कॅलेंडरवर खूण करा आणि त्यानंतर दहा दिवस झाडाकडे बघूच नका. पाणी मात्र घाला.

नोव्हेंबर संपता संपता स्क्रीनवर धूळ पडली. संकरितच्या फुलाचीसुद्धा. घरात कुणी वापरत नसलेला बॅटरीवरचा टूथब्रश होता, तो काढला. केसांची बाजू नाही, मागची प्लास्टिकची पाठ फुलामागच्या देठाला टेकवायची, दोन-तीन सेकंद, बस. फुलाला थेट टेकवलं तर पाकळ्या फाटतात आणि दांडा दुखावतो. घोसात फुलं एकदम उमलत नाहीत, मागेपुढे उमलतात, म्हणून एक दिवसाआड अख्ख्या घोसाला कंप द्यायचा. एक फूल दोनेक दिवस कामाचं असतं, तेवढ्यात सापडतं. टिचकीनेही होतं, चेरीला तर टिचकीच पुरे. पण मोठ्या फळाच्या जातींना ब्रशचा कंप दिला तेव्हा घोसात जास्त फळं धरली, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

धरलं की नाही ते कसं ओळखायचं? पाकळ्या सुकतात पण लगेच गळत नाहीत, टोपी घालून बसल्यागत चिकटून राहतात. सांधा हिरवाच राहतो, देठ जाड होऊन खाली वळतो. चार-पाच दिवसांनी सुकलेल्या पाकळ्या हळूच बाजूला केल्या तर आत हिरवा मणी. पहिला मणी दिसला तेव्हा मी फोटो काढून ताक-हिंगवाल्या ग्रुपवर टाकला. खाली तापमान लिहिलं, फोटोला लाइक आले, तापमानाबद्दल कुणीच काही बोललं नाही.

अजून काही गोष्टी, आठवतील तशा. फुलं येत असताना युरिया किंवा भारंभार शेणखताचं पाणी देऊ नका, झाड नुसतं पानांत माजतं. एकच झाड असेल तरी चालतं, शेजारचं झाड लागत नाही. कंप द्यायची वेळ साधारण अकरा ते दोन. मला ऑफिस असल्यामुळे मी ते काम शनिवार-रविवारी करायचे आणि मध्ये एकदा सासूबाईंकडे सोपवलं होतं, त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. फळ धरल्यावर पाणी नेमाने घाला. एक दिवस कोरडं आणि एक दिवस तुडुंब असं केलं तर फळाची खालची बाजू काळी पडते, आणि मग लोक पुन्हा फवारे सांगायला येतात. गावठीचं बी धरून ठेवलंय, ते तसंच उगवेल. संकरितचं धरू नका. धीर नसेल तर पहिल्या वर्षी फक्त चेरी लावा, ती उकाड्यातही थोडीफार धरते. आणि डासांच्या जाळीवरून घरात भांडू नका, टूथब्रश स्वस्त पडतो.

मणी दिसल्यापासून फळ लाल व्हायला दीड-दोन महिने गेले. संक्रांतीनंतर रोज वाटीभर निघत होते, चेरीचे तर मुलांनी उभ्याउभ्याच संपवले. फेब्रुवारीच्या शेवटी रात्री पुन्हा तापायला लागल्या आणि वरच्या घोसांचे सांधे पिवळे व्हायला लागले, तेव्हा मी ब्रश ठेवून दिला. खालची फळं पिकली की झाडं काढणार.

पुढच्या वर्षी नर्सरीवाला गणपतीनंतर रोपं दाखवेल तेव्हा घेणार नाही. सप्टेंबरच्या अखेरीस घरीच बी पेरणार, म्हणजे फुलं नोव्हेंबर सरता सरता येतील, तोवर रात्री गार झालेल्या असतात. आणि मोबाइल फुलाखाली धरायच्या आधी त्याचा स्क्रीनगार्ड पुसून घ्या, बोटांच्या तेलकट डागांवर पराग दिसत नाही.